जुनं नाव अजून चालतंय

सोम. ५ जाने.

दादा बोटीवरून आला तो माझ्याकडे न बघता सरळ मोरीत गेला. म्हणजे परत तेच. वहिनीने खूण केली, आत्ता नको विचारूस.

चहाच्या वेळी बाबाच बोलले. "एलईडीवाले आधीच हुबे होते म्हनं. आपल्या जागंवर." मग माझ्याकडे बघून, "मशीन लावलंय तवापासून होतंय हा."

मशीन मीच लावायला लावलं. गेल्या हंगामात आमच्या मढ गावात घरोघर फिरले. आमच्या कंपनीचं यंत्र, बोट समुद्रात कुठे आहे ते घरच्यांना मोबाईलवर दिसतं. फक्त नाखव्याला आणि त्याच्या घरच्यांना, बाकी कोणालाच नाही, असं प्रत्येक ओट्यावर बसून सांगितलं. पुढे हिरामावशीच्या मुलाची बोट इंजिन बंद पडून वाहत गेली ती या यंत्रामुळेच सापडली. मग तर कोणी शंकाच काढली नाही.

आणि आता हे. म्हावरं कुठे लागतं ती जागा नाखवा सख्ख्या भावालाही सांगत नाही. दादाला ती बाबांनी दाखवली, बाबांना त्यांच्या बापाने. त्या जागेवर मोठ्या एलईडी दिव्यांच्या बोटी येऊन उभ्या. दिवे लावायचे, मासळी वर बोलवायची, एका रात्रीत सगळं साफ. एकदा झालं असतं तर म्हटलं असतं, चुकून आले.

बाबा रागावलेले नव्हते. तेच जास्त लागलं.


मंगळ. ६ जाने.

के. सरांनी बोलवून नवं काम दिलं. (केतन सर. कंपनी त्यांचीच, मरोळची एका मजल्यावरची.) "चारू, क्लस्टरमधली नावं साफ कर बेटा. बाहेरचे लोक बघायला येणारेत, लाज वाटते."

लाज वाटण्यासारखंच आहे. न्यू-फायनल. न्यू-फायनल-टू. स्टोअर-टू, आणि स्टोअर-वन कुठेच नाही.

संध्याकाळी वहिनीने विचारलं, नावांचं काम म्हणजे काय गं. सांगितलं: आमचं सगळं सॉफ्टवेअर छोट्या छोट्या कंटेनरमध्ये चालतं, ते सगळे मिळून क्लस्टर. एक कंटेनर बोटींकडून ठिकाण ऐकून घेतो, दुसरा ते साठवतो, तिसरा नकाशावर दाखवतो. एखादा बंद पडला की त्याच्या जागी नवा उभा राहतो आणि त्याचा पत्ता बदलतो. म्हणून एकमेकांना पत्त्याने हाक मारायची नाही, नावाने मारायची. नाव विचारलं की क्लस्टर आजचा पत्ता सांगतो. वहिनी म्हणाली, "मग नावं चांगली ठेव की. माणसासारखी."


गुरु. ८ जाने.

नावं ठेवली. बोटींचं ऐकतो तो 'कान'. साठवतो ती 'कोठी' (हीच आधीची स्टोअर-टू). दाखवतो तो 'नकाशा'. सगळे एकाच आतल्या डोमेनखाली, एका आडनावाची भावंडं असावीत तसे.

मुग्धा हसली. "कोठी? मॅडम, किराणा मालाचं दुकान काढताय काय?" मुग्धा माझ्या शेजारी बसते, मुलुंडहून येते. क्लस्टरचं काम आम्ही दोघीच बघतो. माझ्या डब्यातले सुके बोंबील पहिल्यांदा खाल्ले तेव्हा रडली होती तिखटाने, आता स्वतः मागून खाते. दोनदा घरी येऊन गेली. दादाने तिला बोटीतून फिरवून आणलं, तेव्हापासून त्याला दादाच म्हणते.


सोम. १२ जाने.

आज जुनं नाव काढलं. स्टोअर-टू पुसून टाकलं. ठरलेलं असं होतं की जे कोणी अजून जुन्या नावाने हाक मारत असतील ते सगळे बंद पडतील, मग एकेकाला जाऊन नवं नाव सांगायचं. तसं झालंही. नकाशा पडला. मेसेज पाठवणारा पडला. दुरुस्त केले.

कान पडला नाही.

परत परत बघितलं. त्याच्यात जुनंच नाव लिहिलेलं आहे. त्या नावाचं क्लस्टरमध्ये आता कोणीच नाही. तरी त्याची हाक कोणापर्यंत तरी पोचतेय, आणि बोटींची ठिकाणं कोठीत व्यवस्थित जमा होतायत.

मुग्धाला दाखवलं. तिने नीट बघितलंही नाही. "चाललंय ना? मग नको हात लावूस, यार."

ही मुग्धा बोलली. जी माझ्या फाईलीत एक जागा जास्त सुटली तरी दुसऱ्या दिवशी ऐकवते.


मंगळ. १३ जाने.

सापडलं.

प्रत्येक कंटेनरच्या आत एक बारकी होस्ट्स फाईल असते. तिच्यात एखादं नाव आणि त्यापुढे पत्ता आधीच लिहून ठेवला असेल, तर कंटेनर क्लस्टरला विचारायलाच जात नाही. लिहिलेल्या पत्त्यावर सरळ जातो. कानाच्या फाईलीत एक ओळ जादा आहे. स्टोअर-टू, आणि एक पत्ता.

तो पत्ता कोठीचा नाही. स्टोअर-टूचाही कधी नव्हता.

म्हणजे बोटींची ठिकाणं कोठीत सरळ जातच नव्हती. वाटेत कोणाच्या तरी घरी जाऊन मग येत होती. ही ओळ आपोआप पडत नाही. कानाची मांडणी जिथे लिहिलेली आहे तिथे कोणीतरी हाताने टाकली तरच येते.

कोणाला बोलले नाही. पाणी प्यायला उठले तर मुग्धा विचारते, "काय गं, चेहरा असा का?" म्हटलं डोकं दुखतंय. तिने गोळी दिली. घेतली नाही, खिशात ठेवली.


बुध. १४ जाने.

संक्रांत. मुग्धाच्या आईने तिळाचे लाडू पाठवले होते. खाताना मी तिच्या स्क्रीनकडे बघत होते. काय झालंय मला.

दुपारी ती आणि सर मीटिंगमध्ये असताना माग काढला त्या पत्त्याचा. 'डेमो' म्हणून क्लस्टरचा एक कोपरा आहे, नवीन गिऱ्हाइकांना दाखवायला काढलेला, तिकडे कोणी फिरकत नाही. तिथे एक कंटेनर चालू आहे. कानाकडून येतं ते घेतो. एक प्रत आपल्याच कोठीकडे पाठवतो, आमच्या बाहेरच्या डोमेननावाने. त्या नावाला मी हात लावला नव्हता, म्हणून काही तुटलं नाही. दुसरी प्रत कंपनीच्या बाहेर जाते. भाड्याचा सर्व्हर. मालकाचं नाव झाकलेलं.

मढची प्रत्येक बोट. प्रत्येक जागा. किती वेळ थांबली ते सुद्धा.

ती ओळ टाकली कोणी ते कळायला मार्ग नाही. असले बदल आम्ही एकाच सामाईक लॉगिनने करतो. ते तिघांकडे आहे. के. सर, मुग्धा, मी.

मी नाही.


गुरु. १५ जाने.

ओळ काढून टाकू का? काढली तर ज्याने टाकली तो सावध होणार, आणि डेमोमधलं सगळं पुसून मोकळा होणार. नाही काढली तर दादा आज पण समुद्रात आहे.

नाही काढली.


शुक्र. १६ जाने.

मुग्धा फोन आला की हल्ली जिन्यात जाते. मी जवळ गेले की लॅपटॉप अर्धा मिटते. आधीही करायची का? आठवत नाही. आधी मी बघतच नव्हते.

के. सरांकडे पाहुणे आले. ज्यांच्यासाठी नावं साफ करायची होती तेच असावेत. दोघं, कडक इस्त्री, मासळीचा धंदा करतात असं सरांनी सांगितलं, निर्यातीचा. मी कॉरिडॉरमधून जात होते तर त्यातला एक म्हणाला, "तुम्ही मढच्या ना?" मी हो म्हटलं. "चांगले लोक," म्हणाला. बस एवढंच.

त्याला कोणी सांगितलं मी मढची?

सर सांगू शकतात. मुग्धाही. किंवा कोणी सांगायची गरजच नाही, कारण मी सगळ्यांना सांगत असते. आता कशावरच भरवसा ठेवावासा वाटत नाही.


रवि. १८ जाने.

वहिनीबरोबर वलांडीवर, बांबूच्या दांड्यांवर, बोंबील वाळत टाकायला गेले. हिरामावशी आणि दोघी-तिघी बोलत होत्या, आम्ही आलो तशा गप्प झाल्या. हिरामावशीने मग हवापाण्याचं काढलं. जिच्या मुलाची बोट सापडली तेव्हा माझ्या गळ्यात पडून रडली होती ती.

परत येताना वहिनीला म्हटलं, सांग काय ते. ती टोपली या हातातून त्या हातात करत राहिली. "बोलतात गं लोक."

"काय बोलतात?"

"की नाखव्याची पोर एलईडीवाल्यांकडून पगार घेते."

जेवताना दादाने विचारलं, "तुझ्या हापिसात आमच्या बोटी कोन कोन बगतंय?" पहिल्यांदाच सरळ विचारलं. मी म्हटलं, "कोणी बघत नाही दादा." हे खोटं होतं. खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कोण, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

बाबा ताटातून मान वर न करता माझं ऐकत होते.


सोम. १९ जाने.

एक सुचलं.

बाहेर प्रत जाते हे मला माहीत. पण ती प्रत त्या दिव्यांच्या बोटींकडेच जाते हे कशावरून? कोणी अभ्यासासाठी घेत असेल. कोणी नुसतं साठवत असेल. दादाला आणि बाबांना सांगायचं तर पक्कं माहीत हवं.

म्हणून एक बोट बनवली. खरी नाही. यंत्राचा एक नंबर, एक नाव, आणि कानाला सांगितलेलं एक ठिकाण. मढच्या उत्तरेला लांब, मोकळं पाणी, जिथे आमचं कोणी जात नाही कारण तिथे काही लागतच नाही, हे मी लहानपणापासून ऐकतेय. ती बोट तिथे जाते, रात्र काढते, परत येते, परत तिथेच जाते. बघणाऱ्याला वाटावं, याला इथे काहीतरी घबाड सापडलंय.

कानाने निमूट ऐकून घेतलं. डेमोमधल्या कंटेनरनेही. बाहेर गेलं.

दादाला म्हटलं, "या खेपेला येताना उत्तरेच्या मोकळ्या पाण्याकडून ये. कोण दिसलं तर सांग मला." तो म्हणाला, "तिकडं कोन मरायला येनार?" म्हटलं, "तरी."

डिझेल जास्त जाईल म्हणाला. पण नाही म्हणाला नाही.


बुध. २१ जाने.

काही नाही. मुग्धाने विचारलं, नावांचं काम कुठवर आलं. म्हटलं झालंच. "कान पण केलास?" मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. "करते," म्हटलं.

सगळं सोडून कानाचंच का विचारलं?


शुक्र. २३ जाने.

सुट्टी टाकून घरीच थांबले. दादा दुपारी आला. या वेळी मोरीत गेला नाही. ओट्यावर माझ्यासमोर उभा राहिला, अंगाला खारं पाणी वाळून पांढरं झालेलं.

"होते," म्हणाला.

"कोण?"

"दिवेवाले. दोन बोटी. तिकडं कदी कुत्रं पन जात नाय, आनि दोन बोटी दिवे लावून हुब्या."

मला बरं वाटलं. खरंच सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला. पुरावा मिळाला. मी म्हटलं, "बघ! मला माहीतच होतं." आणि दादाचा चेहरा बदलला.

"तुला कसं ठाव होतं?"

सांगायला तोंड उघडलं. कान, कोठी, होस्ट्स फाईल, डेमो, खोटी बोट. मी भराभरा बोलत होते आणि मलाच ऐकू येत होतं की हे किती बनवाबनवीचं वाटतंय. दादाने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "मंजे तू सांगितलंस तिकडं ते आले."

"मी त्यांना नाही सांगितलं! मी फक्त—"

"तू बोट दाखवलीस, ते आले." तो आत गेला.

वहिनी दारात उभी होती. ती पण त्याच्या मागोमाग आत गेली.


शनि. २४ जाने.

बाबांना वेगळं बसवून सावकाश सांगितलं. त्यांना किती कळलं माहीत नाही, पण एक बरोबर पकडलं. "कवापासून ठाव हाय तुला?"

"दहा-बारा दिवस."

"आनि नरेश रोज जात व्हता." नरेश म्हणजे दादा. बाबा त्याला नावाने फक्त गंभीर असले की हाक मारतात.

मी म्हटलं, चोर पकडायचा होता बाबा. त्यांनी समुद्राकडे बघितलं. मग म्हणाले, "मना तुज्यावर शक नाय पोरी. पन तू आदी मना सांगाय पायजे व्हतं."

रडू आलं नाही. आलं असतं तर बरं.

ओळ घरूनच काढली. डेमोमधला कंटेनर बंद केला. खोटी बोट पुसली. कानाला कोठीचं खरं नाव सांगितलं. पाच मिनिटांचं काम होतं.


मंगळ. २७ जाने.

मुग्धाला घेऊन पवईला गेले, तलावाच्या कडेला. ऑफिसजवळ नको होतं. तिने पण का म्हणून विचारलं नाही, रिक्षात बसली. उतरल्यावर सरळ विचारलं. "कानातली ओळ तू टाकलीस?"

"हो," म्हणाली.

मी हे धरून नव्हते. नाही म्हणेल, मग मी पुरावे काढेन, असं सगळं डोक्यात तयार होतं.

"सरांनी सांगितलं. म्हणाले पार्टनरला चाचणीसाठी थोडे दिवस बोटींच्या ठिकाणांचं फीड द्यायचंय, मोठं काही करू नको, एक ओळ टाक. मी म्हटलं चारूला विचारते, तिच्या गावच्या बोटी आहेत. तर म्हणाले, चारूला माहितीये, तिच्याशी बोलणं झालंय."

"माझ्याशी कोणी बोललं नाही."

"ते मला आत्ता कळतंय ना!" ती जवळजवळ ओरडली. बाकावरचं जोडपं वळून बघायला लागलं. "मला वाटलं तू पण त्यांना मिळालेली आहेस. स्वतःच्या भावाच्या बोटी विकते आणि वर नावं ठेवत बसते, कान, कोठी. मी तुझ्याशी बोलू कशी? तू समोर आलीस की मला लॅपटॉप झाकावासा वाटायचा."

म्हणजे इतके दिवस मी तिच्यावर नजर ठेवून होते आणि ती माझ्यावर.

दोघी हसलो. विचित्र हसणं होतं ते. येताना तिने माझा हात धरला होता.

पण आता लिहिताना एक गोष्ट टोचतेय. जुनं नाव काढलं त्या दिवशी ती म्हणाली होती, नको हात लावूस. मी मिळालेली आहे असं तिला वाटत होतं, तर मी तिला कान दाखवला तेव्हाच तिला कळायला हवं होतं ना, की मला काही माहीत नाही?

विचारलं नाही. विचारायला हवं होतं.


बुध. २८ जाने.

के. सरांच्या केबिनमध्ये. मी बसायच्या आधीच म्हणाले, "ओळ तू काढलीस." रागाने नाही.

मी सगळं सांगितलं. दिव्यांच्या बोटी, मोकळं पाणी. ते पेपरवेट फिरवत ऐकत होते. "बघ चारू, पार्टनर निर्यातवाले आहेत. माल कुठल्या बाजूला आहे त्याचा अंदाज हवा असतो त्यांना. पुढे त्यांच्याकडून कोणाला कळत असेल तर ते मला काय माहीत? आणि समुद्र काय आपल्या बापाचा आहे? त्यांनाही डोळे आहेत."

"तुम्ही मुग्धाला सांगितलंत की मला माहितीये."

"असं मी म्हटलं?" थोडा विचार केल्यासारखं करून, "मुग्धा असं म्हणाली?"

त्या एका प्रश्नाने ते मला मुग्धावर संशय घ्यायला लावतायत हे मला तिथेच कळलं, तरी त्याचा परिणाम व्हायचा तो झाला.

मग म्हणाले, "एक मात्र सीरियस आहे. खोटी बोट सिस्टममध्ये कोणी टाकली? उद्या गावात कळलं की आपल्याकडे बोटी बनवताही येतात, तर कोण ठेवेल विश्वास? मी कोणाला सांगणार नाही. तूही नको सांगूस." दार उघडून धरलं माझ्यासाठी.


गुरु. २९ जाने.

लॉगिन चालत नाही. सामाईकचा पासवर्ड बदललाय. सरांचा निरोप: नावांचं काम आता मुग्धा बघेल, तू थोडे दिवस ॲपच्या स्क्रीनचं बघ.

म्हणजे कान आता कोणाला हाक मारतो ते मला दिसत नाही. ओळ परत टाकलीही असेल. आणि या खेपेला ती कंटेनरच्या फाईलीत असायची गरज नाही. क्लस्टरच नाव विचारल्यावर भलताच पत्ता सांगू शकतो. तसं केलं तर बाहेरून काही कळणार नाही, सगळी नावं माझीच असतील. कान, कोठी. सुबक.

मुग्धा जेवायला आली नाही. जिन्यात भेटली तेव्हा हळूच म्हणाली, "मी परत काही टाकलेलं नाही. शपथ." आणि वर निघून गेली.

शपथ घ्यायला मी सांगितलं नव्हतं.


रवि. १ फेब्रु.

गावच्या समाजघरात सगळ्यांना बोलवलं. बाबांनी बोलवलं म्हणून आले, माझ्यासाठी आले नसते. के. सर म्हणाले होते सांगू नकोस. सांगितलं. खोट्या बोटीसकट. उभं राहून, माईक नाकारून, कारण माईकवर माझा आवाज मला सहन झाला नसता.

मागून कोणीतरी ओरडलं, "आता शानपन शिकवते!" बाबा नुसते वळले तिकडे. परत आवाज आला नाही.

दोन तट पडले. एक म्हणे मशिनी आजच काढून समुद्रात टाका. दुसरे म्हणे वादळवाऱ्यात बोट हरवली तर शोधणार कोण, एलईडीवाले? पोलिसात जायचं तर कोणाविरुद्ध, झाकलेल्या नावाविरुद्ध? तरी दोघंजण उद्या माझ्याबरोबर तक्रार द्यायला येतो म्हणाले. बघू.

शेवटी हिरामावशी उठली. तिने आरडाओरडा केला नाही. "मना येक सांग. आज, आता, आमच्या बोटी कोनाला दिसतान?"

"मला माहीत नाही मावशी."

"तुला दिसतान?"

"तुम्हाला दिसतात तेवढ्याच."

ती खाली बसली. पदराने तोंड पुसलं. मला वाटलं होतं चिडेल. तिने फक्त शेजारणीला विचारलं, पोराला फोन लागतो का बघ.

दादा पूर्ण वेळ दाराशी उभा होता. जाताना माझ्याजवळ थांबला. "माईक घ्यायचा होतास. मागं ऐकू येत नव्हतं." एवढंच. पण बोलला.


मंगळ. ३ फेब्रु.

काल पोलिसात तक्रार दिली. घेतली. साहेबांनी होस्ट्स फाईल म्हणजे काय ते दोनदा विचारलं आणि कळवतो म्हणाले. ऑफिसला गेले नाही, राजीनामाही दिलेला नाही. आत असेन तर निदान कधीतरी काही दिसेल. की हे मी स्वतःला सांगतेय?

सकाळी दादा निघाला. वारा जरा जास्त होता, पण खलाशी तयार होते. मी जेट्टीवर गेले. बोटीत चढून त्याने यंत्रावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. सगळ्यांसमोर. "बोल. चालू ठेवू की बंद करू?"

गेल्या वर्षी हेच यंत्र मी माझ्या हाताने तिथे बसवलं होतं. चालू ठेव म्हणावं तर त्या दिवेवाल्यांना सांगितल्यासारखं. बंद कर म्हणावं, आणि काही झालं तर?

"बंद कर," म्हटलं.

त्याने बंद केलं. बाबा दोर सोडायला वाकले. बोट लहान होत गेली. मी मोबाईल काढून बघितला, सवयीने. आमच्या बोटीचं टिंब जेट्टीपाशीच थांबलेलं, करडं झालेलं.

दुपारी वहिनीशी बोलत बसले होते तेव्हा मुग्धाचा मेसेज आला.

"अगं दादाची बोट सकाळपासून दिसत नाहीये स्क्रीनवर. सगळं ठीक आहे ना?"

वहिनीने पण वाचला. म्हणाली, "किती काळजी करते गं पोरगी." मग थोड्या वेळाने, "पण तिला कसं कळलं?"

काळजीने बघत असेल. दादाने फिरवलंय तिला त्या बोटीतून. आता नावांचं काम तिच्याकडे, म्हणजे समोर सगळ्या बोटी असणारच, एक नसली तर डोळ्यांत येणारच. किंवा तिला कोणी विचारायला सांगितलं असेल, ती बोट कुठे गेली म्हणून. दोन्ही बसतं. मेसेज परत परत वाचला, शब्द तेच.

ठीक आहे लिहावं, तर बोट कुठल्या बाजूला गेली ते पुढे विचारेल का? काहीच नाही लिहिलं, आणि ती खरंच घाबरली असेल, तर?

संध्याकाळ झाली. अजून उत्तर दिलेलं नाही. तिच्या फोनवर मेसेजखालच्या दोन्ही खुणा निळ्या झाल्या असतील. मी वाचलंय हे तिला दिसतंय.